कॅम्पर व्हॅनला दुसरा एसी बसवायचा हाय, एका १६ अँपिअरच्या प्लगवर दोन्ही चालतील का?

चिकोडीकर_ट्रॅव्हलर
नमस्कार मंडळी, एक शंका हाय. आमच्याकडं जुनी ट्रॅव्हलर हाय, सतरा सीटची, सीटा काढून कॅम्पर करून घेतलोय. मागं डबल बेड, मधे ओटा, पुढं ड्रायव्हरच्या मागं लांब सोफा, रात्री त्याचाच बेड हुतोय. टपावर मागच्या बाजूला एक टनाचा रूफटॉप एसी हाय, साधा, इन्व्हर्टरवाला नव्हे. रात्री मागं आम्ही चादर घेऊन झोपायचं आणि पुढं सोफ्यावर आई-बाबा वर्तमानपत्रानं वारा घालायलेत अशी गत. दुपारी उन्हात लावली तर पुढचा भाग विचारूच नका.

मे महिन्यात पंढरपूर, तिथनं विजापूर, बदामी करून यायचा बेत हाय, बाबांचं वय झालंय, म्हणून सोफ्याच्या वर आणखी एक टनाचा बसवून घ्यावं म्हणतोय. तिथं टपाला हवा जायचा १४ बाय १४ इंचाचा व्हेंट हाय आणि रूफटॉप एसी त्याच मापाच्या भोकात बसतंय असं अमेरिकेतल्या व्हिडिओत बघितलो, म्हणजे नवीन पत्रा कापायला नको.

खरं ते व्हिडिओवाले सगळे म्हणायलेत दोन एसीला ५० अँपिअर लागतंय, ३० वर जमत नाही. आणि आपल्या गाडीचा बाहेरनं करंट घ्यायचा प्लग १६ अँपिअरचा! लॉजवर जावा, मंगल कार्यालयात जावा, पाव्हण्यांच्या घरी जावा, तेवढंच मिळणार. जनरेटर हाय ३ केव्हीएचा, पेट्रोलवरचा. तर हे होणारं काम हाय का उगंच पैसे घालवायचं? कुणी केलंय का आपल्या भागात?

उद्यमबाग_वायरिंग
आधी ते अमेरिकेचं अँपिअर डोक्यातनं काढा बघू. तिकडं १२० व्होल्ट, इकडं २३०. त्यांचं ३० गुणिले १२० म्हणजे ३६०० वॉट, आपलं १६ गुणिले २३० म्हणजे ३६८० वॉट. म्हणजे तुमचा गिझरचा प्लग आणि त्यांचं ३० अँपिअरचं कनेक्शन ताकदीला सारखंच की. त्यांचं ५० अँपिअर म्हणजे १२० च्या दोन लाईनी असतात, दोन्हीवर पन्नास पन्नास, मिळून १२ हजार वॉट, तेवढा लोड आपल्याकडं आख्ख्या बंगल्याला घेतात.

आता तुमचा हिशोब. साधा एक टनाचा रूफटॉप उन्हाळ्यात १२०० ते १५०० वॉट खाणार. दोन मिळून १२-१३ अँपिअर धरा. कागदावर बसतंय. खरं घोळ कुठं होतोय तर सुरू होताना. साध्या कॉम्प्रेसरला उठताना चालू करंटच्या पाच-सहा पट करंट लागतंय, एखादं सेकंदच, खरं लागतंय. करंट गेला आणि परत आला की दोन्ही एकदमच उठणार आणि एमसीबी, म्हणजे करंट वाढला की आपोआप पडणारा स्विच, ठप्प. त्याला इलाज हाय, दुसऱ्या एसीला टाईम डिले लावायचा, पहिला सुरू झाल्यावर तीनेक मिनिटानं दुसरा. ते स्वस्तातलं काम. आणि दोन्ही चालू असताना इंडक्शनवर चहा ठेवायचा नाही हे वहिनींना आत्ताच सांगून ठेवा, नंतर भांडणं नकोत.

जनरेटरवर मात्र दोन्ही जमणार नाहीत. ३ केव्हीए म्हणजे सलग चालवायला अडीच किलोवॉटच्या आसपास. दोन एसी नुसते चालायलाच २६०० च्या वर जायलेत, वरनं दुसरा उठताना जनरेटर गचके देऊन बंद पडणार. नवा घ्यायचाच असेल तर इन्व्हर्टर कॉम्प्रेसरवालाच घ्या, तो हळूहळू उठतोय, आणि थंड झाल्यावर चार-पाचशे वॉटवर येऊन बसतोय. जुन्याला सॉफ्ट स्टार्टर लावला तर त्याचाही उठायचा करंट निम्म्याहून खाली येतोय.

टिळकवाडी_सध्या_ह्यूस्टन
वर लिहिलंय ते बरोबर आहे. इथं ३० अँपिअरच्या गाड्यांनाही दोन एसी असतात, नाही असं नाही, पण त्यात एक कंट्रोलर असतो, तो एका वेळी एकाच कॉम्प्रेसरला सोडतो, मायक्रोवेव्ह लावला की एसी आपोआप थांबवतो. आणि इथल्या कॅम्पिंगच्या जागेत प्रत्येक गाडीजवळ खांबाला ३० आणि ५० चे वेगळे पॉईंट असतात, तो करंट त्या जागेच्या भाड्यातच धरलेला असतो. आपल्याकडं तुम्ही कुणाच्या तरी घराच्या खिडकीतनं वायर ओढणार. त्यामुळं व्हिडिओतलं यंत्र बघा, जागा बघू नका.

चिकोडीकर_ट्रॅव्हलर
हे १६ आणि ३० चं कुणीच असं फोडून सांगितलं नव्हतं ओ, मी उगंच घाबरून बसलोतो. वायरीचं काय? माझ्याकडं ३० मीटरचा ड्रम हाय एक्स्टेन्शनचा, बाजारातला साधाच.

उद्यमबाग_वायरिंग
तो ड्रम लाईट लावायला ठेवा. त्यातली वायर बहुतेक १ एमएम (म्हणजे चौरस एमएम) असणार. ३० मीटर जायचं, ३० मीटर यायचं, १४ अँपिअर ओढलं तर पंधरा व्होल्ट वायरीतच जाणार आणि दोनशे वॉटची उष्णता त्या वायरीत. त्यात ड्रमवर गुंडाळलेलीच ठेवून वापरतात लोक, मग आतली वेटोळी तापून प्लास्टिक वितळतंय, वास यायला लागला की कळतंय. दोन एसीला कमीत कमी २.५ एमएम तांब्याची तीन कोअर, मीटर वाढणार असतील तर ४ एमएम, आणि वापरताना सगळी सोडून पसरायची. दोन्ही टोकाला इंडस्ट्रियल टाईपचे प्लग-सॉकेट घाला, निळे, गोल, तीन पिनचे. घरगुती प्लग पिन ढिली झाली की जळतोयच.

आणि एक, गावाकडं संध्याकाळी व्होल्टेज बघून मगच एसी लावा. मळ्यात १८०-१९० मिळायलंय असं दिसलं तर दोन सोडा, एकसुद्धा लावू नका स्टॅबिलायझर नसेल तर. व्होल्टेज पडलं की कॉम्प्रेसर नीट उठत नाही, नुसता घूं घूं करत करंट ओढत बसतोय आणि वाइंडिंग जातंय. गाडीत एक डिजिटल व्होल्टमीटर बसवा, दोन-तीनशे रुपयाचं काम.

सगळ्यात आधी मात्र ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट लीक झाला की लाईन तोडणारा स्विच, हाय का बघा. गाडी रबरी टायरवर उभी असतीय, बॉडीला कुठं लीक असलं तर आत बसलेल्याला काहीच कळत नाही, आणि पावसात ओल्या मातीवर अनवाणी उभं राहून दाराच्या कडीला हात लावणारा चिकटतोय. अर्थिंग नसलेल्या घराचा पॉईंट असला तर करंट घेऊच नका.

अथणी_बॉडीवर्क
मला सगळे वायरीचंच बोलायलेत, टपाचं कोण बोलणार? एका रूफटॉपचं वजन ३५-४० किलो. व्हेंटचं भोक हाय म्हणून एसी बसतोय हे खरं, पण व्हेंट असतंय दोन-तीन किलोचं, त्याच्याभोवती पत्र्याला काही आधार दिलेलाच नसतंय. एसी बसवलं की आठ दिवस बरं दिसतंय. मग पत्रा खोलगट हुतोय, त्यात पाणी साठतंय आणि पहिल्या वळवाच्या पावसात सोफ्यावर गळायला लागतंय.

आतलं पॅनल काढून बघा, भोकाच्या पुढं-मागं आडव्या पट्ट्या हाईत का. नसतील तर दोन आडव्या आणि त्याला जोडून दोन उभ्या, स्क्वेअर पाईपची चौकट करून घ्या, आणि ती चौकट बाजूच्या खांबाला टेकवा, नुसती पत्र्याला वेल्डिंग मारून सोडायची नाही. एसीचे बोल्ट आतनं चौकटीलाच आवळायचे. गॅस्केट आवळताना अर्ध्या उंचीला दाबलं की थांबायचं, जास्त आवळलं की रबर मरतंय. सिलिकॉन थापून ठेवतात काही लोक, ते पुढच्या वेळी काढताना जीव जातोय, ब्यूटाईल टेप, म्हणजे चिकट रबरी पट्टी, वापरा.

व्हेंट गेला की स्वयंपाकाची वाफ जायला जागा नाही, ते पण लक्षात असू द्या.

आणि उंची मोजा टेप लावून. आधीच उंच टप, त्यावर पुढं आणखी फूटभर. मागचा एसी झाडाखाली गेला तरी ड्रायव्हरला आवाज येत नाही, खरं पुढचा पहिला जाऊन धडकतोय. जांबोटी रस्त्याला फांद्या बघा कशा खाली आल्यात, आणि रेल्वेच्या खालनं जायचं असलं की तिथली कमान. उंचीचा आकडा काचेवर आतनं चिकटवून ठेवा.

संकेश्वरी_ठसका
एवढं सगळं करण्यापेक्षा घरचा दीड टनाचा स्प्लिट बसवा की राव, आतलं युनिट सोफ्यावर, बाहेरचं मागच्या शिडीवर. निम्म्या पैशात. आमच्या पाव्हण्यानं केलंय.

अथणी_बॉडीवर्क
करतात, बघितलोय मी. मग गॅस भरायला परत परत येतात. घरचा स्प्लिट भिंतीवर गप बसायला केलेला हाय, त्याची तांब्याची नळी फ्लेअर नटवर, म्हणजे नळीचं पसरवलेलं तोंड आवळणाऱ्या नटवर, धरलेली असतीय. चोर्ला घाटाच्या खड्ड्यात ती हलून हलून तिथंच तडकतीय. त्यात आता बरेचसे एसी आर-३२ गॅसचे, तो थोडा पेट घेणारा गॅस हाय, बंद गाडीत शेगडीच्या शेजारी तो गळायला नको. करायचंच तर नळीला गोल वेटोळं देऊन हलायला जागा ठेवा आणि बाहेरच्या युनिटला रबरी माउंट घाला. पाव्हण्याला विचारा गॅस कितींदा भरला.

संकेश्वरी_ठसका
विचारतो. तो फोन उचलला तर.

खानापूरची_वाटसरू
दादा, मी थोडं वेगळं सांगते, राग मानू नका. तुमच्याकडं थंडावा कमी नाहीये, तो पुढं जात नाहीये आणि पुढनं ऊन आत येतंय. दुसरा एसी घ्यायच्या आधी हे दोन बघा.

पुढची काच बघा किती मोठी आहे. दुपारचं सरळ ऊन एका चौरस मीटरला हजार वॉटच्या आसपास उष्णता आणतं. तुमची काच दीड-पावणेदोन चौरस मीटरची असणार, तिरकी आहे, सगळं आत येत नाही, तरी हजारभर वॉट धरा, बाजूच्या दोन काचा वेगळ्या. एक टनाचा एसी म्हणजे ३५०० वॉट उष्णता बाहेर फेकायची ताकद. म्हणजे तुमच्या एसीचा पाव भाग नुसत्या पुढच्या काचेशी भांडण्यात जातोय, आणि तोही मागच्या टोकाला बसून. आतनं चंदेरी पडदा लावला तर थोडा फरक पडतो, पण तोवर ऊन काचेतनं आत आलेलं असतं. बाहेरनं कव्हर घाला. आरशांना अडकवायचं, वायपरखाली दाबायचं, दोन्ही बाजूच्या काचांवरनं दारात चेपायचं. शहापुरात कुठल्याही सीट कव्हर शिवणाऱ्याकडं माप देऊन शिवून मिळतं.

मग ड्रायव्हरच्या सीटमागं जाड पडदा, वरपासनं खालपर्यंत, चुंबकाची पट्टी लावून. थांबल्यावर केबिनचा भाग गाडीतनं वेगळाच काढायचा.

आणि टपाचं इन्सुलेशन तपासायला सोपी युक्ती आहे, दुपारी दोन वाजता गाडीत चढून आतल्या छताला हात लावत पुढनं मागं जा. जिथं लोखंडी पट्टी आहे तिथं चटका बसेल. बॉडीवाले दोन पट्ट्यांच्या मधे थर्माकोल भरतात आणि पट्ट्या तशाच उघड्या सोडतात, सगळी उष्णता त्या पट्टीतनं खाली येते. पट्टीवर दहा एमएमचा नायट्रिल रबराचा फोम चिकटवून मग पॅनल लावायला पाहिजे. आमच्या गाडीत हे केल्यावर सोफ्यावरही पांघरूण घ्यावं लागायला लागलं.

मागचा गार वारा पुढं आणायला १२ व्होल्टचे दोन पंखे, एक छताजवळ पुढं तोंड करून आणि एक खाली मागं तोंड करून. गार हवा खाली बसते, ती खालनं परत एसीकडं ओढली गेली पाहिजे, नुसतं वरनं ढकलून काही होत नाही.

चिकोडीकर_ट्रॅव्हलर
राग कशाला ताई, उलट बरं झालं. छताला हात लावून बघितलो आत्ता, दुपारचे अडीच वाजलेत, तुम्ही म्हणताय तसंच, पट्टीला हात ठेववेना आणि मधे कोमट. त्या बॉडीवाल्यानं पूर्ण इन्सुलेशनचे पैसे घेतलेत ओ.

पण बदामीला मे महिन्यात ४० च्या आसपास जातंय, तिथं पडद्यानं भागेल का?

खानापूरची_वाटसरू
एका एसीवर दुपारी आख्खी गाडी नाही भागणार, मी तसं म्हणत नाही. दुसरा बसवा हवं तर, पण मग तो लहान चालेल. पाऊण टनाचा इन्व्हर्टर सोफ्याला पुष्कळ झाला. मोठा घेतला की पाच मिनिटात गार करून कॉम्प्रेसर थांबतो आणि हवेतला दमटपणा तसाच राहतो, पुढच्या वेळी वेंगुर्ल्याला गेलात की कळेल, अंग गार आणि चिकट.

निपाणी_बॅटरीवाला
जनरेटर आणि प्लग दोन्ही सोडून तिसरी वाट, लिथियम बॅटरी. ५१.२ व्होल्ट १०० एएच (अँपिअर-अवर) ची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी म्हणजे ५.१ युनिट. बॅटरीचा करंट २३० व्होल्टचा करून देणाऱ्या इन्व्हर्टरचा तोटा धरून साडेचार हातात येतात. दोन्ही एसी जोरात चालवले तर दोन तासाच्या आत खलास. एकच इन्व्हर्टर एसी रात्री ४५० वॉटवर चालला तर दहा तास, म्हणजे झोपेपुरतं. म्हणून दोन एसी असतील तर दुपारी प्लगवर, रात्री एकच, बॅटरीवर.

चार्जिंगचं मात्र विचार करा. चालत्या गाडीच्या अल्टरनेटरवरनं ४० अँपिअरचा डीसी चार्जर लावलात तर १२ व्होल्टवर पाचशे वॉट, दहा तास गाडी चालवली तर बॅटरी भरणार. सोलर म्हणाल तर ४०० वॉटचं एक पॅनल पावणेदोन मीटर लांब, सव्वा मीटरच्या आत रुंद. टपावर दोन एसी बसले की पॅनलला जागा कुठं राहतीय? आणि एसीची सावली पॅनलच्या कोपऱ्यावर पडली तरी आउटपुट बरंच खाली येतंय. आधी कागदावर टप काढा, त्यावर एसी, पॅनल, कॅरियर सगळं मांडा, मग पत्र्याला हात लावा.

केए२३_वाला
जनरेटरबद्दल एकच गोष्ट, कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितोय. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकरा इथं कॅरव्हॅनमध्ये दोघंजण मेलेले सापडले. एसी लावून झोपले होते, एसी जनरेटरवर, जनरेटर गाडीतच, आणि त्याचा कार्बन मोनॉक्साईड (सीओ) हा विषारी वायू फटीतनं आत आला. वास नाही, धूर नाही, काही नाही. तुमचे आई-बाबा झोपणार आहेत म्हणताय, तर रात्री जनरेटर नकोच. दुपारी लावायचा असला तर गाडीपासनं लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, सायलेन्सरचं तोंड बाहेर. आणि आत सीओ अलार्म पाहिजेच, धुराचा नव्हे, सीओचा, दोन्ही वेगळे असतात.

दुसरं आरटीओ. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२, कंपनीनं दिलेल्या गाडीत फेरफार परस्पर करता येत नाही. तुमच्या आरसी बुकात अजून सतरा सीट आहेत का कॅरव्हॅन म्हणून नोंद झालीय? मोटर कॅरव्हॅनला एआयएस-१२४ म्हणून वेगळं मानक आहे. नोंद नसेल आणि उद्या काही झालं तर विम्यावाला पहिलं तेच विचारणार, त्यात तुम्ही कर्नाटकातनं महाराष्ट्रात जाणार, कागद दोन्हीकडं दाखवावे लागतात.

चिकोडीकर_ट्रॅव्हलर
आरसी झालंय, कॅम्पर करतानाच करून घेतलो, त्याला किती चकरा मारल्या ते सोडा.

सगळ्यांचं वाचून असं ठरवायलोय. आधी बाहेरचं काच कव्हर आणि पट्टीवर फोम, पॅनल काढल्यावर अथणीवाल्या अण्णांनी सांगितलेली चौकट पण तेव्हाच मारून घेणार म्हणजे दोनदा उघडायला नको. व्हेंट यंदा तसाच ठेवतो. पंढरपूरपर्यंत जाऊन बघायचं, नाही भागलं तर पाऊण टनाचा इन्व्हर्टर. वायर ४ एमएमचीच घेतो, आरसीसीबी नव्हताच गाडीत, उघडून बघितलो, नुसती एमसीबी. जनरेटर घरीच ठेवतोय, आई वाचून घाबरली.

अथणी_बॉडीवर्क
चौकट मारताना पुढच्या अंगाला अर्धा इंच उंच ठेवा. पुढं एसी बसला की त्याचं पाणी टपावर पडतंय आणि ब्रेक मारला की सगळं लोटून पुढच्या काचेवर येतंय. उंच ठेवलं की मागं जातंय.

चिकोडीकर_ट्रॅव्हलर
आणि मागं गेलं की मागच्या एसीखाली साठणार नाही का?

अथणी_बॉडीवर्क
दोन्हीच्या मधे टपाला आडवी रबरी पट्टी चिकटवा, बाजूला उतार देऊन. फोटो टाकतो उद्या, गॅरेजला एक उभी हाय तशी.